मदत हवी आहे: रात्रपाळीहून येताना कुत्र्यांची टोळी मागे लागते, काय करावं?

लूमवाला_पूर्वभाग:
सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून रात्री साडेबाराला सुटतो. वाटेत एका चिकनच्या दुकानापाशी पाच-सहा कुत्री बसलेली असतात. गाडी दिसली की अंगावर येतात, वेग वाढवला तर पार चौकापर्यंत मागे. त्याच गल्लीतून सकाळी वडील (६८) चालत जातात, धाकटी शाळेत जाते. तिघांनी काय करायचं? आणि चावलंच तर? 'विष टाका' असले सल्ले कृपया नकोत.

बांधावरचा:
दादा, गाडीवर असताना चावण्यापेक्षा पडण्याची भीती मोठी. अॅक्सिलरेटर पिळला की कुत्र्याला पळणारं सावज दिसतं. वर आपण पाय उचलून टाकीवर घेतो, तोल जातो आणि गाडी सरळ डिव्हायडरवर. म्हणून दुकानाच्या तीस-चाळीस फूट आधीच वेग कमी करा, पाय फूटरेस्टवरच ठेवा आणि एकाच गतीने सावकाश जा. घेरलंच तर थांबा. दोन्ही पाय जमिनीला, गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. पळणारं काही उरलं नाही की बहुतेक वेळा त्यांचा जोर ओसरतो. मग हळूहळू पुढे सरका. त्यांची हद्द चौकात संपते, तिथून पुढे ती येत नाहीत, हे तुम्हालाही दिसलंच असेल की.

वडिलांसाठी: पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही. जरा तिरकं उभं राहून भिंतीकडे किंवा उभ्या रिक्षाकडे मागं सरकायचं. छत्री किंवा पिशवी दोघांच्या मध्ये धरायची. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तर आपल्याकडची कुत्री बऱ्याचदा मागं हटतात, पण पिल्लं असलेल्या कुत्रीपुढे हे करू नका, ती उलट पुढे येते. भादव्यात माजावर येतात, गर्भ साधारण दोन महिन्यांचा, म्हणजे दिवाळीच्या आसपास आणि पुढे थंडीत पिल्लं. त्या दिवसांत पडकी भिंत, बंद शेड यांच्या आडोशाने जाऊ नका.

शेपटी हलते म्हणजे प्रेमात आहे असं नाही. शेपटी ताठ वर, टोक तेवढं झपझप हलतंय, मानेवरचे केस उभे, ओठ दातांवरून वर गेलेला, आणि अचानक भुंकणं थांबून अंग दगडासारखं थिजलं, तर पुढची पायरी चावा.

लहान मुलीला दोन खेळ शिकवा. 'झाड': उभं राहून हात छातीशी, नजर खाली, आवाज नाही. 'दगड': पडलीच तर पालथं होऊन गुडघे पोटाशी, बोटं मानेमागे गुंफून, कोपरांनी कान झाकायचे. घरी दहा वेळा करून घ्या, ऐन वेळी सांगून होत नाही.

अंगावर आलाच तर त्याच्या तोंडात काहीतरी द्या. कारखान्यातला तो जाड टॉवेल हाताच्या मनगटाला तीन-चार वेढे मारून पुढे करा. पकड बसली तर हात झटक्याने ओढू नका. दात रुतलेले असताना ओढलं की मांस फाटतं, भोकाची चीर होते. डोक्यावर मारल्यानं पकड आणखी घट्ट होऊ शकते. जवळ पाणी असेल तर तोंडावर ओता.

पट्टीवाली_ताई:
चावल्यावर सगळ्यात महत्त्वाचं घरच्या नळावर होतं, दवाखान्यात नाही. साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं धुवा. मोबाईलवर टायमर लावा, कारण लोकांची पंधरा मिनिटं दोन मिनिटांत संपतात. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. दाताच्या भोकात फेस जाऊ द्या, झोंबेल, तरी धुवा. सोलापुरात नळाला पाणी कधी, हे सांगायला नको. बॅरलमधलं घेऊन कुणीतरी तांब्याने ओतत राहा. मग बीटाडीन. चुना, हळद, तिखट, तंबाखू काही नको. पट्टी घट्ट बांधू नका. टाकेही शक्यतो लगेच घालत नाहीत.

रात्री ओपीडी बंद असली तरी सिव्हिलच्या अपघात विभागात जा. नुसतं खरचटलं, रक्त नाही, तर लस पुरते. कातडी फुटून रक्त आलं, किंवा उघड्या जखमेला लाळ लागली, तर लसीबरोबर जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडं, बोलताना 'सिरम') लागतं. लसीने शरीरात ताकद यायला आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर हेच राखतं. इथेच चूक होते: 'इंजेक्शन झालं' म्हणून लोक घरी जातात आणि जखमेत काहीच गेलेलं नसतं. स्पष्ट विचारा, 'जखमेत सिरम देणार का?' वजनावर डोस ठरतो: घोड्याच्या रक्तापासूनचं किलोमागे ४० युनिट, माणसाचं २०. ६० किलोला अनुक्रमे २४०० आणि १२०० म्हणजे कमाल, त्यातलं जखमेत मावेल तेवढं तिथेच. पहिल्या दिवशी राहिलं तर लसीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांच्या आत घेता येतं.

लस सरकारी दवाखान्यात कातडीत देतात, दिवस ० (पहिल्या लसीचा दिवस), ३, ७, २८. खाजगीत बहुतेक स्नायूत, ०, ३, ७, १४, २८. दंडावर, लहान मुलांना मांडीच्या पुढच्या बाजूला, कुल्ल्यात कधीच नाही. पोटात चौदा इंजेक्शनांचा काळ कधीच गेला. धनुर्वाताचंही विचारा. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, पण त्याच्या निकालाची वाट बघत लस लांबवू नका.

अर्जवाला:
महापालिकेत तोंडी सांगू नका. जागा, वेळ, कुत्र्यांची संख्या, रंग, फोटो, हे लिहून अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. मागणी 'उचला' अशी नको, २०२३ च्या एबीसी (प्राणी जन्म नियंत्रण) नियमांनुसार नसबंदी आणि रेबीज लस अशी लिहा. दोन्ही झाल्यावर कुत्री सहसा त्याच जागी सोडतात. चिकनवाल्याला रात्री शटर ओढण्याआधी कातडी-आतडी झाकणाच्या डब्यात भरायला लावा. तिथं खायला मिळतं म्हणूनच टोळी जमते.

लूमवाला_पूर्वभाग:
वडिलांचा कोर्स दोन वर्षांपूर्वी पूर्ण झालाय. परत चावलं तर सगळं पहिल्यापासून का ओ?

पट्टीवाली_ताई:
नाही. धुणं तेच, लस फक्त ० आणि ३ ला, सिरम नको. जुनं कार्ड मात्र सोबत न्या. कार्ड नसेल, किंवा कोर्स अर्धवट सोडला असेल, तर डॉक्टर नव्यानेच धरतील.

लूमवाला_पूर्वभाग:
कार्ड लोखंडी पेटीत आहे. आत्ताच फोटो काढून ठेवला.