नानांना रात्री पलंगाला बांधायचं जाकीट घ्यावं का?

सांगलीची_लेक
नमस्कार. वडील (नाना), वय ७९. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तिसऱ्या रात्रीपासून बरळायला लागले. आईला ओळखेनात, "म्हशी सोडायच्यात" म्हणत पलंगावरून उतरायला बघायचे. नाकातली जेवण द्यायची नळी उपसली, तेव्हा दोन्ही हात गॉज बँडेजने कठड्याला बांधले. आम्हाला कुणी विचारलं नाही. सकाळी मनगटावर वळ, बोटं सुजलेली.
आता नळीसकट घरी सोडतायत. सर्जिकलच्या दुकानवाल्याने अंगात घालायचं जाकीट दाखवलं, त्याचे पट्टे पलंगाला बांधायचे. म्हणाला, रात्री निवांत झोपाल. भाऊ म्हणतो घे. आईला ते बघवणार नाही. काय करू?

रिटायर्ड_सिस्टर
ताई, जाकीट घेऊ नका. आणि बांधून निवांत झोपायचं हे तर डोक्यातूनच काढा. माणूस झोपेत खाली सरकतो, जाकीट जागेवरच राहतं आणि वर गळ्याशी येतं. छाती आवळते, नाहीतर मान. ओरडायलाही येत नाही. गादी आणि कठड्याच्या फटीत अडकून गुदमरलेले पेशंटही असतात.

आधी नाना का बरळतायत ते शोधायला लावा. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाला अचानक असं झालं तर त्याला डिलिरियम म्हणतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी सापडतं: लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी, पोट साफ नाही, दुखतंय पण सांगता येत नाही, नाहीतर एखादी झोपेची गोळी. आमच्या वॉर्डात एक आजोबा रात्रभर उठून बसायचे. वॉर्डबॉय वैतागून पट्टे घेऊन आला. ओटीपोटावर हात ठेवला तर नारळासारखं टणक. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातलं, पिशवी भरभर भरली, आणि आजोबा घोरायला लागले. पट्टे तसेच परत गेले.

चष्मा आणि कानाचं मशीन घरी कपाटात असेल तर आजच आणा. न दिसणारा, न ऐकू येणारा माणूस जास्त घाबरतो.

डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारा, नळी अजून लागणारच आहे का? गिळायला येतंय का ते तपासून घ्या. नळीच नसेल तर उपसणार काय?

लागणारच असेल तर मिटन घ्या, पंजाचे जाड मोजे. हात मोकळे राहतात, फक्त चिमटीत काही धरता येत नाही. मनगटाच्या बंदात तुमची दोन बोटं सहज गेली पाहिजेत. दर दोन तासांनी काढायचे, हात पुसायचा, बोटं हलवून घ्यायची, मधे कुठे लाल झालंय का बघायचं.

हात बांधणं हा दवाखान्यातला शेवटचा उपाय, तोही डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरने. तिथेसुद्धा गॉज नको, ओढलं की त्याची दोरी होते. रुंद, आतून मऊ पट्टा हवा. तो कठड्याला नाही, पलंगाच्या सांगाड्याला बांधायचा, कारण कठडा कुणी खाली केला की हात ओढला जातो. निरगाठ नको, सुरगाठ मारायची, एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. डोकं उंच ठेवायचं, कारण बांधलेल्या माणसाला उताणं असताना उलटी झाली तर कुशीवर वळता येत नाही. पालथं तर कधीच नाही. आणि थोड्या थोड्या वेळाने बोटांचा रंग आणि गारवा बघत जागं कुणीतरी हवंच. घरी हे होत नाही, म्हणून घरी बांधू नये.

रात्रपाळी_केअरटेकर
पलंग होईल तितका बुटका घ्या, खाली जाड गादी टाका. पण खुब्याच्या पेशंटला जमिनीवर झोपवू नका, उठवताना हाल होतात. मंद दिवा चालू ठेवा. जागे असताना हाताला काम द्या. माझे एक काका टॉवेलच्या घड्या घालत बसायचे, नळीकडे हात जायचा नाही.

कायदेवाला_काका
मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये कलम ९७ वाचा. दुसरा इलाज नसेल तरच, तातडीचा धोका टळेपर्यंतच बांधायचं; मनोविकारतज्ज्ञाची परवानगी, कारण आणि वेळ केसपेपरवर, नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला) २४ तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून किंवा स्टाफ कमी म्हणून बांधता येत नाही. हे मानसिक रुग्णालयांसाठी आहे, हाडांच्या वॉर्डाला थेट लागू नाही. तरी मोजपट्टी म्हणून हीच धरा आणि नानांच्या केसपेपरची प्रत मागा. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, साखळदंडात अडकलेले २८ मनोरुग्ण गेले. कलम ९५ ने आता साखळीला सरळ बंदी आहे.

सांगलीची_लेक
सगळ्यांचे आभार. सोडियम तपासलं, १२४ आलं, कमीच आहे, म्हणून डिस्चार्ज पुढे ढकललाय. मिटन आणलेत. भाऊ अजून जाकिटावरच अडून आहे, त्याला हा धागा पाठवलाय. सिस्टर, मोजे घामाने ओले झाले तर?

रिटायर्ड_सिस्टर
दोन जोड घ्या, एक धुवायला. आणि नळी नाकपुडीशी जिथे येते तिथे पेनाने खूण करून घ्या. फीड द्यायच्या आधी दरवेळी खूण बघायची. सरकली असेल तर काही घालू नका, आधी दवाखान्यात फोन करा.