श्रममूल्य सिद्धांत बाद झाला तर 'शोषण' या शब्दात काही उरतं का?

उंबरठा

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून इथे विचारतो. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही, हौसेने वाचतो. मार्क्सचं म्हणणं मला कळलंय ते असं की वस्तूचं मूल्य तिच्यात गेलेल्या श्रमातून येतं, कामगाराला त्यातला एक भाग मजुरी म्हणून मिळतो आणि बाकीचं वरकड मूल्य मालकाकडे जातं, तेच शोषण. पण अर्थशास्त्र शिकलेल्या कुणाशी बोललं की पहिलं वाक्य हेच येतं की श्रममूल्य सिद्धांत कधीच मागे पडला, किंमत मागणी-पुरवठ्यावर ठरते, त्यामुळे शोषण ही नुसती भावना आहे, शास्त्र नाही. वर परत असंही म्हणतात की कामगार स्वतःच्या मर्जीने करार करतो, पटत नसेल तर सोडून जावं.

मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाहीये. तर दोन प्रश्न. एक, श्रममूल्य सोडून देऊनही शोषणाची कल्पना उभी राहते का? आणि दोन, मालक आणि कामगार असे दोनच वर्ग धरले तर गलेलठ्ठ पगार घेणारा मॅनेजर कुठे बसतो? तोही नोकरच आहे ना?

जुनी_वही

आधी मर्जीच्या कराराबद्दल बोलतो कारण तिथे मार्क्सला न वाचताच उत्तर दिलं जातं. करार मर्जीचा असतो हे मार्क्सला मान्य आहे, त्याचं सगळं स्पष्टीकरण तिथूनच सुरू होतं. 'भांडवल' (दास कापिटाल) या त्याच्या ग्रंथाच्या १८६७ च्या पहिल्या खंडात तो म्हणतो की कामगार दुहेरी अर्थाने मुक्त आहे, म्हणजे तो कुणाचा गुलाम नाही त्यामुळे आपली श्रमशक्ती विकू शकतो, आणि उत्पादनाच्या साधनांपासूनही तो 'मुक्त' आहे म्हणजे त्याच्याकडे विकायला दुसरं काहीच नाही. अमुक एका मालकाकडे जायची सक्ती नाही पण कुठल्या ना कुठल्या मालकाकडे जावंच लागतं.

आता श्रम आणि श्रमशक्ती यातला फरक बघा, सगळी गोम इथेच आहे. मालक विकत घेतो ती काम करण्याची क्षमता, ठरावीक तासांसाठी. या क्षमतेची किंमत ठरते कामगाराला आणि त्याच्या घराला जगायला काय लागतं त्यावरून. समजा दिवसाच्या ८ तासांपैकी ४ तासांत त्याच्या मजुरीइतकं मूल्य तयार होतं, तर उरलेले ४ तास तो जे घडवतो ते वरकड, आणि शोषणाचा दर, म्हणजे मजुरीच्या तुलनेत वरकड किती, १०० टक्के. म्हणजे मालकाने बाजारभावाने पूर्ण पैसे मोजले, कुणी कुणाला फसवलं नाही, तरीही वरकड तयार झालं. मार्क्स तर तिथे असंही म्हणतो की हे खरेदीदाराचं भाग्य आहे पण विकणाऱ्यावर अन्याय नाही. त्यामुळे मार्क्सच्या लेखी शोषण नैतिक आहे की नुसतं वर्णन आहे यावर त्याच्याच अनुयायांमध्ये जोरदार वाद आहे.

आणि घासाघीस बरोबरीची नसते हे सांगायला मार्क्ससुद्धा लागत नाही. अॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलंय की मालकांची मजुरी न वाढवण्याबद्दल आपापसात न बोललेली पण कायमची एकी असते, आणि भांडण लांबलं तर मालक साठवलेल्या पैशावर वर्ष-दोन वर्षं काढू शकतो, पण बऱ्याच कामगारांना कामाशिवाय आठवडाही काढता येत नाही. बाजाराचा बाप म्हणून ज्याचं नाव घेतात तो हे सांगतोय!

सीमारेषा

मी दुसऱ्या बाजूने लिहितोय, कामगारांबद्दल आस्था नाही म्हणून नव्हे, युक्तिवाद कच्चा राहू नये म्हणून.

मुख्य अडचण गणितात आहे. दोन धंदे धरा, दोन्हीत भांडवल १००. पहिल्यात ८० यंत्रं-कच्चा माल आणि २० मजुरी, दुसऱ्यात बरोबर उलट. शोषणाचा दर दोन्हीकडे १०० टक्के. म्हणजे वरकड पहिल्यात २० आणि दुसऱ्यात ८०. वस्तू श्रममूल्याला विकल्या गेल्या तर पहिल्याचा नफा २० टक्के आणि दुसऱ्याचा ८० टक्के. पण स्पर्धा असली की भांडवल कमी नफ्याकडून जास्त नफ्याकडे सरकतं आणि नफ्याचा दर सारखा व्हायला लागतो, इथे सरासरी ५० टक्के. मग दोन्ही वस्तू १५० ला विकल्या जातील, श्रममूल्य मात्र एकीचं १२० आणि दुसरीचं १८०. म्हणजे किंमत श्रमाप्रमाणे नाहीच.

मार्क्सला हे माहीत होतं. तिसऱ्या खंडात, जो त्याचा सहकारी एंगल्सने १८९४ मध्ये छापला, त्याने तोड काढली की एकूण बेरीज सारखीच राहते, वरकड फक्त मालकांमध्ये वाटलं जातं. पण त्याने तयार मालाच्या किमती बदलल्या आणि कच्च्या मालाच्या मात्र मूल्यातच ठेवल्या. दोन वर्षांत ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ बोम-बावेर्कने यावर सणसणीत टीका लिहिली की पहिला आणि तिसरा खंड एकमेकांना खोडतात. त्याचा स्वतःचा मुद्दा वेगळाच होता, वेळेचा. माल विकला जाईपर्यंत कामगार थांबू शकत नाही, मालक त्याला आजच पैसे देतो आणि स्वतः थांबतो, तर नफ्यातला एक भाग त्या थांबण्याचं व्याज आहे. या मुद्द्याला उत्तर द्यायलाच लागतं, नुसतं भांडवलदारांचा वकील म्हणून उडवून लावता येत नाही.

मग १८९९ मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉन बेट्स क्लार्कने मांडलं की स्पर्धेच्या बाजारात प्रत्येक घटकाला त्याच्या सीमांत उत्पादनाइतका मोबदला मिळतो, एक कामगार वाढवल्यावर जेवढं उत्पन्न वाढतं तेवढी मजुरी. हे खरं धरलं तर जो जे घालतो ते त्याला मिळतं, विषय संपला.

अधोरेखित

विषय संपला नाही, तिथून जास्त रंगला असं म्हणेन. @सीमारेषा यांनी मांडलेलं गणित बरोबर आहे, ते मान्य करूनच पुढे जाऊया.

क्लार्कचाच धागा धरा. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ पिगूने १९२० मध्ये आणि जोन रॉबिन्सनने १९३३ मध्ये हीच व्याख्या उलटी वापरली, मजुरी सीमांत उत्पादनापेक्षा कमी असेल तर त्याला शोषण म्हणायचं. आणि ती कमी केव्हा असते, तर मालक श्रमाचा एकटाच किंवा मोजक्यांपैकी एक खरेदीदार असतो तेव्हा. विकणाऱ्याची मक्तेदारी आपल्याला माहीत असते, ही विकत घेणाऱ्याची मक्तेदारी, मोनॉप्सनी. इथे श्रममूल्याचा संबंधच नाही, रोजचं पाठ्यपुस्तकातलं अर्थशास्त्र आहे. आणि एकच कारखाना असलेलं गावच लागतं असंही नाही, नोकरी बदलणं कटकटीचं असतं, माहिती नसते, घर हलवावं लागतं, एवढ्यावरही मालकाला मजुरी दाबता येते. कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत किमान वेतन वाढल्यावर फास्ट फूडची दुकानं तपासली, १९९४ मध्ये निष्कर्ष छापले, रोजगार घटल्याचं दिसलं नाही. स्पर्धेच्या साध्या मॉडेलप्रमाणे घटायला हवा होता. त्या आकड्यांवर पुष्कळ वाद झाला पण मोनॉप्सनीकडे लोक गंभीरपणे बघायला लागले त्यात या कामाचा मोठा वाटा आहे, आणि कार्डला २०२१ चं नोबेल मिळालं.

पण मला रॉबिन्सनचं १९४२ मधलं म्हणणं जास्त महत्त्वाचं वाटतं. यंत्र उत्पादक आहे हे मान्य, पण यंत्राची मालकी असणं ही काही उत्पादक कृती नाही. क्लार्कचा सिद्धांत यंत्राने किती भर घातली ते सांगतो, ते यंत्र अमक्याचंच का याचं उत्तर त्यात नाही. बोम-बावेर्कच्या थांबण्याचंही तेच, थांबायची ऐपत मुळात कुणाकडे आहे आणि का आहे हा प्रश्न तो विचारतच नाही.

गणिताच्या बाजूनेही गंमत आहे. जपानी अर्थतज्ज्ञ मोरिशिमाने १९७३ मध्ये दाखवलं की नफा शून्यापेक्षा जास्त असेल तर आणि तरच शोषणाचा दर शून्यापेक्षा जास्त असतो, यासाठी किंमत श्रमाच्या प्रमाणात असायची गरज नाही. मार्क्सवादी खूश झाले. मग लक्षात आलं की हाच पुरावा श्रमाऐवजी पोलाद किंवा वीज घेऊनही चालतो, नफा असेल तर विजेचंही 'शोषण' होतं! म्हणजे गणित एकटं पुरत नाही.

इथे अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉन रोमर येतो, १९८२. त्याने श्रममूल्य बाजूला ठेवलं आणि सरळ विचारलं, समजा एखादा गट समाजातून बाहेर पडला आणि जाताना एकूण उत्पादक मालमत्तेतला आपला दरडोई वाटा घेऊन गेला, तर तो आत्तापेक्षा बरा राहील का? आणि बाकीचे वाईट अवस्थेत जातील का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर त्या गटाचं शोषण होतंय. त्याची दोन बेटं डोक्यात ठेवण्यासारखी आहेत. एका बेटावर भांडवलवाले लोकांना मजुरीवर ठेवतात, दुसऱ्यावर नोकरीच नाही, गरीब लोक भांडवल कर्जाऊ घेऊन स्वतःच राबतात आणि व्याज भरतात. दोन्हीकडे शेवटी कोण किती राबलं आणि कुणाला किती मिळालं ते सारखंच येतं. म्हणजे शोषणाला मालक-नोकर हे नातंसुद्धा लागत नाही, मालमत्तेची विषम वाटणी पुरते.

तर @उंबरठा, पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम हो असं आहे, श्रममूल्याशिवाय शोषणाची कल्पना उभी राहते आणि मला तरी ती आधीपेक्षा भक्कम वाटते.

उंबरठा

खूप धन्यवाद सगळ्यांना, दोन बेटांचं परत परत वाचलं. पण मग एक खटकतं, दोन्ही बेटं सारखीच असतील तर कारखान्यातली धाकदपटशा, साहेबाची भीती, काढून टाकायची धमकी हे सगळं हिशेबातून गळूनच गेलं की. आणि मॅनेजरचं राहिलंच.

तिठा

नेमकं बोट ठेवलंत. रोमरवर हाच आक्षेप बोल्स आणि गिंटिस या अर्थतज्ज्ञांनी घेतला. विजेचा करार पूर्ण होतो, इतकी युनिटं इतके पैसे. श्रमाचा होत नाही, मालक तास विकत घेतो आणि त्या तासांतून काम काढून घ्यायचं अजून बाकीच असतं. म्हणून देखरेख, म्हणून मुकादम, म्हणून नोकरी जाण्याची भीती. श्रम विजेसारखा का नाही याचं उत्तर मला इथे सापडतं. नोकरी गेल्यावर दुसरी लगेच मिळत असेल तर त्या भीतीला काही किंमत राहत नाही, म्हणून बेकारी असणं मालकांच्या उपयोगाचं असतं. पोलिश अर्थतज्ज्ञ कालेत्स्कीने १९४३ मध्ये हेच राजकारणाच्या अंगाने लिहिलं, की पूर्ण रोजगार टिकला तर कामावरून काढणं हे शिस्तीचं हत्यार बोथट होईल, त्यामुळे नफा वाढत असला तरी उद्योगपती त्याला विरोध करतील. आणि १९८४ मध्ये शापिरो आणि स्टिग्लिट्झ या अर्थतज्ज्ञांनी बेकारी हे कामगाराला शिस्त लावायचं साधन असं मॉडेल मांडलं, ते दोघं मार्क्सवादी नाहीत.

आता मॅनेजर. मार्क्सकडून थेट उत्तर मिळत नाही, तिसऱ्या खंडातलं वर्गावरचं प्रकरण, वर्ग कशाने बनतो हा प्रश्न विचारून थोड्याच ओळींत तुटतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरने वर्ग बाजारातल्या संधींवरून पाहिला, मालमत्ता आणि कौशल्य विकून आयुष्यात काय पदरात पडू शकतं त्यावरून, आणि प्रतिष्ठेचा गट वेगळा ठेवला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एरिक ओलिन राइटने मार्क्स आणि वेबर दोन्ही जोडायचा प्रयत्न केला. मॅनेजर एकाच वेळी दोन्हीकडे आहे, स्वतः श्रमशक्ती विकतो म्हणून कामगार, पण दुसऱ्यांच्या श्रमावर हुकूम चालवतो म्हणून मालकाच्या बाजूचा. याला तो परस्परविरोधी वर्गस्थान म्हणतो. १९८५ मध्ये त्याने रोमरची पद्धत घेऊन पुढे असं मांडलं की संघटनेवरचा ताबा आणि दुर्मिळ पदव्या याही मालमत्ताच आहेत आणि त्यांच्या जोरावर मॅनेजर वरकडातला वाटा खेचतो. संघटनेवरचा ताबा ही खरंच मालमत्ता आहे का यावर बरीच टीका झाली आणि मला ती रास्त वाटते, ताबा विकता येत नाही, खुर्ची गेली की तोही गेला.

मला ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ गोल्डथॉर्पची वाट जास्त पटते. तो शोषण शब्द न वापरता कराराचा प्रकार बघतो. ज्याचं काम मोजता येतं त्याला तासावर किंवा नगावर पैसे, आणि ज्याचं काम मोजणं अवघड त्याला विश्वासावर ठेवावं लागतं, म्हणून दरवर्षीची पगारवाढ, बढतीची आशा, निवृत्तिवेतन. @उंबरठा, तुमच्या ओळखीच्या मॅनेजरला पगार किती हे विचारण्यापेक्षा त्याच्या हाताखालच्या माणसाला काढायचा अधिकार त्याच्याकडे आहे का आणि त्याचं स्वतःचं काम कुणी तासातासाला मोजतंय का, हे विचारून बघा. आता सॉफ्टवेअरमुळे पुष्कळ ऑफिसातलं काम मिनिटामिनिटाला मोजता यायला लागलंय, आणि जिथे काम असं मोजता येतं तिथे पदाचं नाव मॅनेजर ठेवूनही करार मजुराचाच होत जाणार.

सीमारेषा

मोजमापाचा मुद्दा मान्य. बोम-बावेर्कबद्दल मात्र मी अजून अडलोय, कारण मालमत्ता समान वाटली तरी कुणीतरी आज थांबणार आणि कुणीतरी थांबणार नाही, मग पुढच्या पिढीत विषमता परत तयार होईल, आणि रोमरच्या कसोटीने ते परत शोषणच ठरेल. यावर रोमरचं उत्तर कुणी वाचलं असेल तर लिहा.

अधोरेखित

वाचलंय. १९८५ मध्ये त्याने स्वतःच लेख लिहिला की मार्क्सवाद्यांनी शोषणापेक्षा मालमत्तेच्या वाटणीतल्या अन्यायाकडेच थेट बघावं, कारण तुम्ही म्हणताय तशा उदाहरणांत श्रमाची देवघेव आणि अन्याय एकत्र जात नाहीत. सुरुवात खरंच समान होती आणि कुणी स्वखुशीने कमी थांबला, तर त्यातून आलेल्या फरकाला तो लगेच अन्याय म्हणत नाही. वारसाहक्काने पुढच्या पिढीला मिळतं त्याचं काय, हे मात्र वेगळं बोलायला लागेल, त्यावर उद्या सविस्तर लिहितो.