झिरकोनिया-ॲल्युमिनाचे सिरॅमिक बार हिप (गरम भट्टीत चहूबाजूंनी वायूचा दाब) करून ताकद वाढेल का?

कणकण: ॲल्युमिनात २० टक्के झिरकोनिया मिसळून बार केलेत. हवेत १५५० अंशांना सिंटर केले (दाबलेली पावडर न वितळवता भाजून घट्ट केली), घनता पूर्ण भरीव बाराच्या ९३ टक्क्यांवर अडकलीये. बेंडिंगला एक बार दणकट निघतो, शेजारचा पटकन तुटतो. गाइड म्हणतात, हेच बार १४५० अंश आणि १५० मेगापास्कल आर्गॉनमध्ये हिप करून आणा. खर्च वसूल होईल?

जुनी_भट्टी: ते ९३ राहू द्या, उघडी सच्छिद्रता, म्हणजे पृष्ठभागाला जोडलेली छिद्रं, किती ते सांगा. बार पाण्यात उकळा, मग आर्किमिडीजची तीन वजनं घ्या: कोरडं, पाण्यात बुडालेलं, भिजलेलं. कोरड्यापेक्षा भिजलेलं ठळक जास्त भरलं तर पाठवूच नका. छिद्रं पृष्ठभागाला जोडलेली असली की आर्गॉन आत शिरतो. आतबाहेर दाब सारखाच, मग छिद्र मिटवणार कोण? ती साधारण ९२ ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान बंद होतात, म्हणजे तुम्ही नेमके उंबरठ्यावर आहात.

कणकण: मग सिंटरिंगच १६५० ला करू?

जुनी_भट्टी: नको हो! झिरकोनियाचे कण फुगले की थंड होतानाच टेट्रागोनलचे मोनोक्लिनिक होतात, म्हणजे त्यांची स्फटिकरचना बदलते. हा बदल भेगेच्या टोकाशी, ताण आल्यावर व्हायला हवा. तेव्हा आकारमान चारेक टक्क्यांनी वाढतं आणि भेग आवळली जाते. झिरकोनिया घातलाय तो त्याचसाठी. त्यापेक्षा कच्चा, न भाजलेला बार सुधारा: साध्या प्रेसनंतर थंड आयसोस्टॅटिक (चहूबाजूंनी सारखा) दाब द्या, मग त्याच तापमानाला घनता चढेल. काचेच्या आवरणात घालून उघड्या छिद्रांचे बारही हिप करता येतात, पण नंतर ती काच सोलत बसणं मला तरी नको वाटतं.

पांढरा_बार: ग्राफाइटच्या भट्टीत हिप केलं तर बार काळपट येतील, घाबरू नका. झिरकोनियातला थोडा ऑक्सिजन गेलेला असतो. हवेत हजारेक अंशांना ठेवले की उजळतात. फार वर मात्र नेऊ नका, छिद्रांत आर्गॉन अडकला असेल तर बार पुन्हा फुगतो.

जुनी_भट्टी: आणि ताकदीतला विखुरलेपणा हिपने जाईलच असं नाही. बार तुटतो त्याच्या सर्वांत मोठ्या दोषापाशी. दोष चौपट मोठा, तर ताकद निम्मी. तो दोष ग्राइंडिंगचा ओरखडा किंवा पावडरमधला कचरा असेल तर १५० मेगापास्कल त्याचं काही बिघडवत नाहीत. तुटलेले तुकडे ठेवलेत ना? भेग कुठून सुटली ते मायक्रोस्कोपखाली बघा.

कणकण: ठेवलेत. बऱ्याच तुकड्यांत भेग कडेपासूनच सुटलेली दिसते. कडा घासल्या नव्हत्या.

जुनी_भट्टी: मग आधी नव्या बारांच्या कडा घासून बोथट करा, पुन्हा तोडा. हिपचं नंतर बघू.