इन्स्टॉलरमध्ये डिस्क निवडण्याच्या स्क्रीनवर नेमके काय लिहावे?

लालबागचा वाचक (प्रश्न)

नमस्कार. लालबागमधील आमच्या वाचनालयात विंडोज ७ वर चालणारे काही जुने संगणक आहेत. त्या आवृत्तीला मिळणारी सुरक्षा अद्यतने जानेवारी २०२० मध्ये थांबली. त्यामुळे या संगणकांसाठी आणि सभासदांच्या घरच्या यंत्रांसाठी आम्ही काही स्वयंसेवक डेबियन या मोफत लिनक्स प्रणालीवर आधारलेली, मराठीतच उघडणारी प्रणाली तयार करत आहोत. इन्स्टॉलर, म्हणजे प्रणाली संगणकावर बसवून देणारा प्रोग्राम, म्हणून कॅलमारेस घेतला आहे, कारण त्याची मांडणी आणि मजकूर आपल्या गरजेप्रमाणे बदलता येतो.

गेल्या दोन रविवारी आम्ही पाच सभासदांच्या हाती पेन ड्राइव्ह दिला आणि मागे बसून, एक शब्दही न बोलता, ते काय करतात ते पाहिले. भाषा आणि प्रमाणवेळ त्यांनी सहज निवडली; डिस्कच्या स्क्रीनवर मात्र पाचही जण थांबले. तेथे आम्ही ‘डिस्क मिटवा’ असे बटण ठेवले होते. एका गृहस्थांनी त्याचा अर्थ डोळे मिटावे तशी डिस्क बंद करणे असा घेतला आणि ते बटण दाबायला निघाले. मग आम्ही ‘डिस्क पुसा’ असे केले, तर एका आजींनी विचारले, “कोणाला पुसायचे?” त्यांच्या गावाकडे पुसणे म्हणजे विचारणे. शिवाय पुसणे म्हटले की फडक्याने धूळ पुसल्यासारखे वाटते, काही गमावल्यासारखे वाटत नाही. या जागी कोणता शब्द वापरावा, आणि या स्क्रीनवर किती पर्याय ठेवावेत?

ठाणे पूर्व

माझे मत असे की क्रियापद शोधणे सोडून द्यावे आणि परिणाम पूर्ण वाक्यात लिहावा. बटणावर एकच शब्द बसवण्याचा आग्रह इंग्रजी मजकुरातून आला आहे. मराठीत बटणाखाली दोन ओळींचे वाक्य आले तर काहीच बिघडत नाही.

दुसरे, डिस्कची ओळख माणसाला पटेल अशी द्या. लिनक्स डिस्कना देते ती ‘एसडीए’ आणि ‘एसडीबी’ ही नावे वाचून कोणालाही आपली डिस्क ओळखता येत नाही. कंपनीचे नाव, आकार आणि त्यात आज विंडोज आहे की नाही, एवढे तरी दिसले पाहिजे. आकाराबाबत एक अडचण नेहमी येते: खोक्यावर ५०० जीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. वापरणाऱ्याच्या डोक्यात दोन्हींपैकी कोणताही आकडा असू शकतो, म्हणून दोन्ही दाखवा. ज्या पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर चालू आहे तो या यादीत मुळीच दिसता कामा नये.

पर्याय दोनच पुरेत, विंडोजच्या शेजारी बसवणे आणि संपूर्ण डिस्क वापरणे. डिस्कचे भाग स्वतः हाताने पाडण्याची सोय ‘प्रगत’ या दुव्यामागे ठेवा, पण काढून टाकू नका. जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या फेडोरा १८ या लिनक्स प्रणालीत तिच्या अ‍ॅनाकोंडा या इन्स्टॉलरची मांडणी पूर्ण बदलली होती. त्यातील डिस्कच्या भागावर पुष्कळ टीका झाली, आणि काम संपल्याचे बटण वरच्या डाव्या कोपऱ्यात असल्याने ते शोधावे लागत असे. सराईत माणसालाही अनोळखी मांडणीत वाट सापडत नाही, हे आपण लक्षात ठेवावे.

संगणक दुरुस्ती, डोंबिवली

शेजारी बसवण्याचा पर्याय देणार असाल तर त्याआधी दोन तपासण्या करा. माझ्या हातून एका ग्राहकाची मुलाच्या बारशाची छायाचित्रे कायमची गेली आहेत, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती. मी प्रत काढून ठेवली आहे का, हेही विचारले नव्हते. म्हणून आग्रहाने लिहितो.

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय आली. तिच्यामुळे संगणक बंद केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते. अशा स्थितीत शेजारी जागा करण्यासाठी डिस्कवरील विंडोजच्या भागाचा आकार बदलणे धोक्याचे असते. इन्स्टॉलरने हे ओळखून तेथेच थांबावे आणि उपाय सांगावा: विंडोजमध्ये परत जा, शिफ्ट कळ दाबून धरा आणि मग ‘शट डाउन’ निवडा. नुसता त्रुटीचा क्रमांक दाखवून काय उपयोग? तसेच डिस्कवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) असेल तर ते कुलूप उघडणारा लांब क्रमांक, म्हणजे रिकव्हरी की, हाताशी असल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये.

कळफलक

आपण विचारले नाही, तरी त्याच प्रवासातील पुढचा खड्डा सांगतो. कळफलक म्हणून फक्त मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरी अक्षरांची प्रमाण मांडणी) निवडला आणि पासवर्ड देवनागरीत टंकला, तर लॉगिनच्या वेळी तो टंकता येईलच याची खात्री नसते. रोमन आणि मराठी हे दोन्ही कळफलक बसवा, आणि पासवर्डच्या चौकटीत रोमन आपोआप चालू ठेवा. चौकटीशेजारी सध्याचा कळफलक ठळक दिसावा.

मजकुराच्या चौकटींची उंचीही तपासा. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या बटणात वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. डेबियनमध्ये २००७ च्या ४.० आवृत्तीत चित्रमय इन्स्टॉलर आला, तेव्हा देवनागरीसारख्या लिप्यांना तेथे जागा मिळाली. साध्या मजकुराच्या स्क्रीनवर जोडाक्षरे नीट उमटत नाहीत. ती जागा आता मिळाली आहे, तर अक्षर पूर्ण दिसायला हवे.

लालबागचा वाचक

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही तपासण्या आणि दोन्ही कळफलक आजच कामाच्या यादीत घेतले. कॅलमारेस शेवटच्या, सर्व निवडींचा सारांश दाखवणाऱ्या स्क्रीनपर्यंत डिस्कवर काहीच लिहीत नाही, म्हणून डिस्कच्या स्क्रीनवरचे वाक्य त्या सारांशातही पुन्हा दाखवणार आहोत. वाक्य सध्या असे आहे:

‘या संगणकातील ५०० जीबीची डिस्क (विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते) पूर्ण रिकामी होईल. तिच्यावरील विंडोज, छायाचित्रे, कागदपत्रे आणि इतर सर्व फाइली नष्ट होतील. त्या परत मिळणार नाहीत.’

खाली दोन बटणे आहेत, ‘मागे जा’ आणि ‘डिस्क रिकामी करा’. येत्या रविवारी प्रथम त्या आजींनाच हे वाचायला देणार आहे.