साल्हेर-मुल्हेरला पाच जणांचा स्वयंपाक : हलकी आणि टिकाऊ भांडी कोणती घ्यावीत?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची, सिडकोत राहते. डिसेंबरात आम्ही घरचे पाच जण साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा या किल्ल्यांचा तीन दिवसांचा ट्रेक करणार आहोत. एक मुक्काम साल्हेरच्या गुहेत, दुसरा मुल्हेरवर. स्वयंपाक आमचा आम्हीच करतो. वाघांब्याहून चढायला लागलं की पाठीवरचं अर्धा किलो जास्तीचं ओझंही जाणवतं, म्हणून भांड्यांबद्दल तुमचा सल्ला हवा आहे.

मागच्या वेळी काय झालं ते आधी सांगते. ऑनलाइन एक कॅम्पिंग सेट मागवला होता. एकात एक बसणारी तीन भांडी, घडी होणाऱ्या मुठी, हातात घेतला तर पिसासारखा हलका. पहिल्याच रात्री खिचडी टाकली आणि बर्नरच्या बरोबर वर हाताएवढा काळा डाग धरला, कडेचे तांदूळ मात्र कच्चेच. ते एक वेळ चाललं असतं. सकाळी चहाचं आधण उतरवताना मुठीचा रिव्हेट निसटला, पातेलं कलंडलं आणि उकळतं पाणी माझ्या भाच्याच्या पायावर गेलं. टाक्यातलं गार पाणी आणून वीस मिनिटं त्याच्या पायावर ओतत बसलो. फोड आले, पण निभावलं. तेव्हापासून मुठीचं कुठलंही भांडं उचलताना माझा हात आधी रिव्हेट चाचपतो.

आता नवीन काही घ्यायच्या आधी घरची भांडी वजनकाट्यावर ठेवून पाहिली. तीन लिटरचं स्टीलचं पातेलं ६१० ग्रॅम, झाकण १४०. दीड लिटरचं पातेलं ३८०. आईने माळ्यावरून तिच्या सासूबाईंचं पितळी पातेलं काढून दिलं, तांबट लेनमध्ये घडवून घेतलेलं, आजही एक पोचा नाही. पण ते एकटंच दीड किलोच्या वर भरलं, आणि आतली कल्हईही उडालेली आहे. आईला वाईट वाटलं, मलाही.

तर माझे प्रश्न असे :

स्टील, हिंडालियम (अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू), हार्ड अ‍ॅनोडाइज्ड (वर कडक थर चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम) आणि टायटॅनियम यांत पाच जणांच्या खिचडी-आमटीला काय बरं? टायटॅनियमचं कौतुक फार वाचलं, पण किंमत पाहून छाती दडपते. मुठीचं काय करायचं? आणि डाळीसाठी छोटा कुकर न्यावा का? साल्हेरवर तूरडाळ तासभर उकळूनही टचटचीत राहिली होती.

ज्यांनी स्वतः वापरून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद :

ताई, भाच्याचा पाय बरा झाला हे वाचून हायसं वाटलं. मी गेली अठरा वर्षं गटाचा स्वयंपाक वर चढवतोय, त्यातून सांगतो.

टायटॅनियम विसरा. ते हलकं आणि चिवट आहे यात शंका नाही, पण उष्णता पसरवत नाही. ज्योत जिथे लागेल तिथेच तापतं. एकट्याने पाणी उकळून चहा किंवा नूडल्स करायला ते उत्तम. तांदूळ शिजवायला गेलात तर मागच्या वेळचाच काळा डाग, तोही दसपट पैसे देऊन. पातळ स्टीलचंही तेच दुखणं. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या साधारण दहापट चांगली उष्णता वाहून नेतं आणि त्याच आकारमानाला वजन एक तृतीयांश. म्हणून ते दुप्पट जाड घेतलं तरी स्टीलपेक्षा हलकंच पडतं, आणि ही जाडीच खिचडी वाचवते.

तुमच्यासाठी तीन लिटरचं हिंडालियमचं पातेलं घ्या. पाच जणांचे डाळ-तांदूळ मिळून अर्धा किलो, शिजून दोन लिटर, वर उतू जाण्यापुरती जागा. उंच नको, पसरट बुडाचं घ्या, म्हणजे ज्योत बाहेर वाया जात नाही आणि स्टोव्हवर भांडं डुगडुगत नाही. त्यात दीड लिटरचं दुसरं पातेलं बसलं पाहिजे, आणि त्या दुसऱ्यात २३० ग्रॅमचा गॅसचा डबा. दुकानात जाताना रिकामा डबा सोबत न्या आणि बसवून बघा.

मुठीचा प्रश्न आपल्या आजीने कधीच सोडवलाय : मूठच नको. वळवलेल्या काठाचं साधं पातेलं आणि एक चांगली सांडशी. रिव्हेटच नाही, तर निसटणार काय? सांडशी मात्र घरीच पाणी भरलेल्या पातेल्यावर आजमावून बघा, जबडा सैल असेल तर बदलून आणा.

आमटीत कोकम, चिंच, टोमॅटो घालणार असाल तर साध्या हिंडालियममध्ये ती रात्रभर ठेवू नका, आंबटाने धातू उतरतो. हार्ड अ‍ॅनोडाइज्डला ती भीती बरीच कमी. परवडत असेल तर छोटं पातेलं त्यातलं घ्या.

कुकर नको. साल्हेर १५६७ मीटर, तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून तूर हट्ट करते. मूगडाळ न्या, दुपारीच डब्यात भिजत घाला. रात्री झाकण ठेवून शिजवली की वीस मिनिटांत मऊ होते.

प्रतिसाद :

वरच्या दादांशी सहमत, फक्त एक भर. पायथ्याच्या गावात कुणाच्या चुलीवर शिजवणार असाल तर मात्र स्टीलच बरं, धगीला आणि घासायला दांडगं. चढवायच्या आधी बुडाला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्या. काजळी लेपावर धरते आणि पाण्याने निघून जाते. नाहीतर तीच काजळी सॅकभर होते, कपड्यांसकट.

आणि गॅसवर करताना वाऱ्याला आडोसा म्हणून स्टोव्हच्या चारही बाजू पत्र्याने बंद करू नका. खालचा गॅसचा डबा तापतो, ते फार धोक्याचं आहे. गुहेच्या आतल्या भिंतीशी, पण हवा खेळेल अशी जागा धरा.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी भांडी बाजारात जाऊन आले. तिथे भांडी वजनावरच विकतात, त्यामुळे काटा समोरच होता, प्रत्येक पातेलं तोलून घेता आलं. तीन लिटरचं हिंडालियमचं, पसरट, काठ वळवलेलं, ३९० ग्रॅम. म्हणजे घरच्या स्टीलपेक्षा दोनशे वीस ग्रॅम कमी, आणि बूड अंगठ्याने दाबलं तरी दबत नाही. सांडशी १२० ग्रॅम. दुकानदारकाकांनी स्वतःच पातेल्यात पाणी भरून सांडशीने तीनदा उचलून दाखवलं.

आज रात्री त्याच स्टोव्हवर, गॅलरीत, अर्धा किलोची खिचडी लावणार आहे. भाचा मुद्दाम जेवायला येतोय. पातेलं उतरवायचं काम त्याने स्वतःकडे मागून घेतलंय.

एकच राहिलं. झाकणाची वरची बोंडी सॅकमध्ये टोचते आणि त्यामुळे भांडी एकात एक नीट बसत नाहीत. ती काढून तिथे तारेची कडी बसवली तर चालेल का? कुणी केलंय?