पास्टर व्हायला सेमिनरी लागतेच का?

मिरजकर:
सगळ्यांना जय ख्रिस्त. आमच्या इकडं मिरजेत घरसंगतीला, म्हणजे घरातल्या प्रार्थनासभेला, एक तरुण ब्रदर संदेश द्यायला येतो, दिवसभर वर्कशॉपात काम आणि रात्री वचन वाचत बसतो, तळमळीचा पोरगा आहे पण सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं कॉलेज, केलेली नाही. आता मंडळीतले काही वडील म्हणतात डिग्री नाही तर उभं करू नका. मला हे बिलकूल पटत नाही, येशूचे शिष्य पेत्र नि योहान कुठल्या कॉलेजात गेलेले? प्रेषितांची कृत्ये ४:१३ वाचा की, न शिकलेली साधी माणसं म्हटलंय त्यांना.

साताऱ्याची ताई:
दादा, ते वचन शेवटपर्यंत वाचा, हे येशूबरोबर होते असं लोकांनी ओळखलं असं लिहिलंय. प्रभूच्या पायाशी बसून शिकलेली माणसं ती. नुसत्या तळमळीचं काय होतं सांगते. आमच्याकडं नवीन वर्षाच्या उपासनेला यिर्मया २९:११ वर, देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत या वचनावर, संदेश झाला, यंदा घर होणार, गाडी होणार! शेजारच्या मावशी ते ऐकून फ्लॅट बुक करून आल्या, आता हप्ता निघत नाही. आधीचं दहावं वचन कुणी वाचलंच नाही, तिथं देव बाबेलात नेलेल्या लोकांना सत्तर वर्षं थांबायला सांगतोय, म्हणजे ऐकणाऱ्यातले कितीतरी तिथंच मरणार होते. लोकांच्या जिवाशी खेळ आहे हा, मला खरंच राग येतो.

इस्लामपूरचा भाऊ:
ताई बरोबर, पण डिग्रीवाले पण असंच एक वचन उचलून बोलतात, मी ऐकलेत. पंडिता रमाबाईंनी कुठं सेमिनरी केली? तरी हिब्रू ग्रीक शिकून केडगावात अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. कष्ट पाहिजेत, आणि चुकलं तर सांगणारं कुणीतरी पाहिजे. कृत्ये १८ मध्ये अपुल्लो बघा, शास्त्रात पक्का, बोलायला जबरदस्त, पण त्याला फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा (शिष्य योहान नव्हे) बाप्तिस्मा माहीत होता, येशूचा मार्ग पुरता कळला नव्हता. मग प्रिस्किल्ला नि अक्विल्ला, तंबू शिवणारी माणसं, त्यांनी त्याला जवळ बसवून नीट समजावलं, गप्प नाही केलं.

मिरजकर:
हे पटलं. पाळकसाहेबांना विचारतो, आठवड्यातनं एकदा त्याच्याबरोबर बसतील का.

साताऱ्याची ताई:
नक्की विचारा. बायबलातल्या फिलेमोनाच्या पत्रापासून सुरुवात करायला सांगा, एकच अध्याय आहे, कुणी कुणाला कशासाठी लिहिलं हे एका बैठकीत कळतं. पुढं जमलं तर बंगालमधल्या सेरामपूर ख्रिस्ती कॉलेजचे घरी राहून करायचे कोर्स आहेत, काम सोडावं लागत नाही.