माडीवर वायफायच्या दांड्या पूर्ण दिसतात, तरी इंटरनेट का चालत नाही?

प्रश्न (उदगीर, जि. लातूर)

नमस्कार. आमचे घर जुने, माळवदाचे आहे. खालच्या भिंती दगडमातीच्या असून त्यांची रुंदी अडीच फुटांच्या आसपास भरते. गेल्या वर्षी १०० एमबीपीएसची फायबर जोडणी घेतली, तेव्हा आलेल्या कामगाराने तार ढाळजेतून आत घेतली आणि वायफायची पेटी (राउटर) तेथल्याच देवळीत नीटनेटकी बसवून दिली. ढाळजेत इंटरनेट उत्तम चालते, माजघरात जेमतेम चालते. परंतु माडीवर, जिथे माझी मुलगी बारावीचा अभ्यास करते, तिथे तिचा संध्याकाळी सातचा ऑनलाइन वर्ग दर दहा मिनिटांनी तुटतो. भाच्याने एक रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारे छोटे यंत्र) आणून तिच्या टेबलाजवळ लावला. तेव्हापासून दांड्या पूर्ण दिसतात, पण शिक्षकांचा आवाज तुटायचा तो तुटतोच. तक्रार केली की कंपनीचा माणूस येतो, पेटी बंद करून पुन्हा चालू करतो, ढाळजेत उभा राहून वेग मोजतो, ९५ चा आकडा दाखवतो आणि निघून जातो. पावसाळा लागल्यापासून त्रास वाढला आहे. महागडा राउटर घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ (नांदेड)

ताई, आधी काहीही विकत घेऊ नका. घरातल्या इंटरनेटचे दोन वेगळे टप्पे असतात: बाहेरून पेटीपर्यंत येणारी फायबर आणि पेटीपासून फोनपर्यंत हवेतून जाणाऱ्या लहरी. कंपनीचा माणूस पहिला टप्पा तपासून जातो आणि तुमचा त्रास बहुधा दुसऱ्या टप्प्यात आहे, म्हणून त्याचा ९५ चा आकडा खरा असूनही तुमच्या उपयोगाचा नाही.

हे पडताळून पाहण्याचा सोपा मार्ग असा. संध्याकाळी सात वाजताच लॅपटॉप पेटीला तारेने जोडा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग (समोरच्या उपकरणाकडून उत्तर येते का आणि किती वेळात, हे पाहणारी) ही आज्ञा देऊन पेटीचा पत्ता द्या. तो बहुतेक १९२.१६८.१.१ असतो आणि पेटीखालच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो; टाइप करताना मात्र इंग्रजी अंक वापरावेत. नंतर तार काढून हेच माडीवर बसून वायफायवर करा. हा पत्ता तुमच्या घरातलाच असल्यामुळे उत्तर यायला कंपनीचा किंवा बाहेरच्या फायबरचा काहीही संबंध येत नाही. खाली उत्तरे एक-दोन मिलिसेकंदांत आली आणि वर ती हरवू लागली, तर दोष भिंतीचा आणि पेटीच्या जागेचा आहे.

देवळीचे वाचून मला वाईट वाटले, कारण तीन बाजूंनी दगड असलेल्या खोबणीत पेटी ठेवणे म्हणजे दिवा रांजणात ठेवण्यासारखे आहे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असल्या तरी जाड भिंतीपुढे लवकर थकतात, २.४ गिगाहर्ट्झच्या थोड्या अधिक पोहोचतात. ओल धरलेली माती दोन्ही शोषते, त्यामुळे पावसाळ्यात त्रास वाढला हे तुमचे निरीक्षण मला अगदी बरोबर वाटते.

रिपीटरच्या पूर्ण दांड्या या रिपीटर आणि फोन यांच्यातल्या आहेत. रिपीटरला स्वतःला पेटीकडून काय मिळते, ते त्या दांड्या सांगत नाहीत. जिथे लहर पोहोचतच नाही तिथे तो लावला, तर तो अपुरेपणच मोठ्या आवाजात पुढे पाठवतो.

उत्तर २ (परभणी)

वरील मुद्द्यांशी मी सहमत आहे. एकच भर घालतो. आमच्याकडे संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी वीज क्षणभर झपकते, पंखा थांबतही नाही, पण पेटी मात्र नव्याने सुरू होते आणि त्यात दोन-तीन मिनिटे जातात. पेटीचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यावर उघडणाऱ्या पानावर ती सलग किती वेळ चालू आहे हे दिसते. सकाळपासून चालू असायला हवी ती संध्याकाळी अर्ध्या तासापूर्वीच सुरू झालेली दिसली, तर १२ व्होल्टच्या अडॅप्टरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बसवावा. पेटीवरचा लाल दिवा लुकलुकत असेल तर मात्र फायबर तुटली किंवा फार वाकली आहे असे समजून तक्रार क्रमांक घ्यावा.

प्रश्नकर्ती

आपल्या सांगण्याप्रमाणे केले. पेटी दिवसभर सलग चालू होती आणि लाल दिवा नाही. ढाळजेत तारेवर १०० पैकी १०० उत्तरे आली. माडीवर १०० पैकी ३१ हरवली आणि उरलेल्यांना कधी कधी ९०० मिलिसेकंद लागले. पेटी देवळीतून काढून ढाळजेच्या खांबाला उंचावर टांगली, त्याने माजघर सुधारले, माडी नाही. आता काय करावे?

उत्तर १ (नांदेड)

तार वर न्यावी, दुसरा खात्रीचा उपाय मला दिसत नाही. मेशचे संच (घरभर ठेवायच्या, एकमेकींना जोडलेल्या वायफायच्या पेट्या) चांगले असतात, पण बिनतारी जोडले तर त्यांनाही हीच भिंत ओलांडावी लागते. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुम्हाला वीस-पंचवीस मीटर पुरेल. जुन्या दगडी भिंतीला भोक पाडू नये. दगड हलला तर मातीची भर सुटते. जिन्यालगतच्या झरोक्यातून तार नेता येईल. वरच्या टोकाला घरातला जुना राउटर लावा.

प्रश्नकर्ती

तार नेली, जुना राउटर लावला. पहिला तास सुरेख गेला, आणि मग खालच्या फोनवरही ‘जोडलेले आहे, इंटरनेट नाही’ असे येऊ लागले.

उत्तर ३ (जालना)

दोन्ही उपकरणे आता फोनना पत्ते वाटत आहेत आणि दोघांचा स्वतःचा पत्ताही बहुधा एकच आहे. ज्या फोनला जुन्या राउटरकडून पत्ता मिळतो, तो बाहेरची वाट त्याच्याकडेच विचारतो, आणि त्याच्यापाशी ती नसते. जुना राउटर तारेवरून सोडवून केवळ लॅपटॉपला जोडा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (फोनना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि मगच पेटीकडून आलेली तार त्याच्या लॅन (घरातल्या उपकरणांसाठीच्या) छिद्रात घाला, वॅनच्या (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या) नव्हे. वायफायचे नाव व पासवर्ड दोन्हीकडे सारखेच ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांवर येत नाहीत, म्हणून खाली १ आणि वर ११ ठेवावा.

प्रश्नकर्ती

डीएचसीपी बंद करणे हेच राहिले होते. काल मुलीचा वर्ग सातपासून सव्वाआठपर्यंत एकदाही न तुटता झाला. वर्ग चालू असतानाच मी पिंग लावून ठेवले होते, ३०० पैकी एकच उत्तर हरवले. झरोक्यातली तार सध्या मोकळी लोंबते आहे. रविवारी ती क्लिपांनी बांधून, बाहेरच्या बाजूला पाणी आत ओघळू नये म्हणून खाली वळसा देऊन घेणार आहे. सर्वांचे मनापासून आभार.